समोर धरण आणि डोक्यावर हंडा : चौदा घरांच्या वाडीचं पाणी कुठून आणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या कांदाटी खोऱ्यात कोयना धरणाच्या पाण्याच्या काठावर चौदा घरांची वाडी, कायम राहणारी माणसं ३८, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, आणि गुरं २२. वाडीच्या वर अर्धा किलोमीटरवर झरा आहे, पण मार्च सरला की तो बारीक होतो आणि बायका खाली धरणाच्या पाण्यावर उतरतात, भरलेला हंडा घेऊन चढून यायला पाऊण तास. मुंबईला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळानं चार लाख जमवलेत. एका ठेकेदारानं धरणातून सोलर पंपानं पाणी चढवून देतो म्हणून कोटेशन दिलंय. विचारणाऱ्या दादांना हे पाहिजे की किती एचपीचा पंप घ्यावा आणि पाईप कुठला टाकावा.

एचपी आणि पाईप दोन्ही सांगतो, पण त्याच्या आधी थोडं थांबा. मी चोवीस वर्षं डोंगरी गावांच्या नळयोजनांचं काम करतोय, सुरुवात फिटर म्हणून केली, नंतर आखणी आणि मोजमाप करायला लागलो, आणि कोयनेच्या काठानं तापोळा-बामणोलीपासून खाली हेळवाकपर्यंत बरंच फिरणं झालंय. तुमची वाडी मी बघितलेली नाही, त्यामुळं खालचं सगळं तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवर आहे, जागेवर काही वेगळं निघालं तर माझं म्हणणं बदलेल. पण एवढ्यावरूनही मला वाटतं की चार लाखातला पहिला रुपया खाली धरणाकडं जाऊ नये, वर झऱ्याकडं जावा.

का ते सांगतो. आधी ही वाडी तिथं का आहे ते बघा, कारण सगळी गोम त्यात आहे. तुमच्या आज्या-पणज्यांचं गाव आत्ताच्या जागी नव्हतं. सोळशी, कोयना, कांदाटी या नद्यांच्या काठाला, सपाटीला गावं होती, भाताची खाचरं होती, विहिरी होत्या. साठच्या दशकात धरणात पाणी अडलं आणि ते सगळं खाली गेलं. बरीच माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडं पांगली, आणि ज्यांना जायचं नव्हतं किंवा जायला धड जागाच मिळाली नाही ती पाणी चढेल तशी वर सरकत गेली. पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली आला, धरण त्याच्याही आधीचं, म्हणजे त्यावेळी मागायला कायद्याचा आधारसुद्धा नव्हता. अशा वाड्या जिथं बसल्या ती जागा पाणी बघून निवडलेली नव्हती, धरणाच्या रेषेच्या वर राहायला मिळालं म्हणून निवडलेली होती. एरवी आपल्याकडं गाव पाण्याजवळ बसतं, इथं उलटं झालं, पाणी आलं म्हणून गाव पाण्यापासून लांब गेलं. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातलं पाणी या धरणात साठतं, बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडं जाऊन त्याच्यावर वीज होते, आणि काठावरची म्हातारी बाई एप्रिलमध्ये हंडा घेऊन चढते. हे बघून मला आजही वाईट वाटतं, सवय झालेली नाही.

म्हणून समोर दिसणारं पाणी घ्यावं असं वाटणं साहजिक आहे, ते आपलंच आहे ही भावनाही खरी आहे. पण भावना बाजूला ठेवून आकडे करू.

माणशी रोज ५५ लिटर धरा, जलजीवन मिशनमध्ये हाच आकडा धरतात. ३८ माणसांचे झाले २०९० लिटर. गुरांना डोक्यामागं ४० लिटर म्हणजे ८८०. एकूण रोजचे तीन हजार लिटर. आता झऱ्याचं बघा. तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये हंडा भरायला पाच मिनिटं लागतात आणि म्हणून तिथं भांडणं होतात. हंडा पंधरा लिटरचा धरला तर मिनिटाला ३ लिटर झाले. तासाला १८०. आणि चोवीस तासाला ४३२० लिटर. परत वाचा, चार हजार तीनशे वीस. तुमच्या गरजेपेक्षा तेराशे लिटर जास्त, तेही ज्या झऱ्याला तुम्ही आटला म्हणताय त्याचं.

मग ते जातं कुठं? रात्री जातं. बायका सकाळी सहा ते नऊ पाण्याला जातात, तीन तासात झरा ५४० लिटर देतो, ३६ हंडे, चौदा घरांना अडीच-अडीच हंडे, त्यात भागत नाही म्हणून धरणावर उतरायचं. उरलेले एकवीस तास झरा वाहतोच आहे आणि दगडातून ओहोळात जातोय. म्हणजे तुमच्या वाडीला रात्रीचं पाणी धरून ठेवायला भांडं नाही, मूळ अडचण एवढी आहे. पंप किती एचपीचा हा प्रश्न त्याच्या खूप नंतरचा.

आता धरणातून पाणी चढवण्याबद्दल, कारण तुम्ही विचारलंय आणि नुसतं नको म्हणणं बरोबर नाही. धरण भरलेलं असताना पातळी २१६३ फुटांच्या आसपास असते, पेपरात रोज येते तीच. उन्हाळ्यात ती साठ-सत्तर फूट तर सहज उतरते, वाईट वर्षी शंभरच्याही पुढं जाते. तुमची वाडी भरल्या पाण्यापासून अंदाजे ९० मीटर उंच म्हणता, त्यात उन्हाळ्याची उतरलेली पातळी ३० मीटर मिळवा, पाईपातल्या घर्षणाचे दहा-पंधरा मिळवा, १३५ मीटरचं हेड झालं, म्हणजे पंपाला एकूण एवढी उंची चढवावी लागणार. त्याला ३ एचपीचा पंप पुरतो आणि दीड-दोन तासात तीन हजार लिटर वर येतात. विजेचं म्हणाल तर रोजचे तीन-चार युनिट. बिल परवडत नाही म्हणून लिफ्ट योजना, म्हणजे खालचं पाणी पंपानं वर चढवायच्या योजना, बंद पडतात असं सगळे सांगतात, एवढ्या छोट्या वाडीत बिलामुळं बंद पडलेली योजना मी एकही बघितली नाही. पाईपाचं मात्र लक्षात ठेवा, १३५ मीटर उंचीचं पाणी म्हणजे तळाला दर चौरस सेंटिमीटरला साडेतेरा किलोचं प्रेशर, तिथं ६ किलोचा काळा पाईप टाकला तर पहिल्या आठवड्यात फाटतो. तळाच्या भागात १६ किलोचा एचडीपीई (जाड काळा प्लॅस्टिकचा) किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप लागतो. तुमच्या कोटेशनमध्ये पाईपाचा क्लास, म्हणजे तो किती किलोचा आहे ते, लिहिलाय का बघा, नसेल तर ते कोटेशन अर्धवट आहे.

सोलरबद्दल लोकांचा एक समज असतो की पावसाळ्यात चार महिने ढग, मग सोलर काय कामाचं. खरं तर पावसाळ्यात तुम्हाला पंपाची गरजच नाही, तेव्हा झरा धो धो वाहतो, आणि एप्रिल-मेमध्ये गरज असते तेव्हा ऊन भरपूर. त्यामुळं सोलर वाईट नाही. माझी काळजी दुसरीच आहे.

वीस वर्षांपूर्वी याच पाण्याच्या काठावर एका सतरा घरांच्या वाडीला मी लिफ्ट योजना आखून दिली. आकडेमोड बरोबर होती, पंप चांगला होता, नारळ फुटला, पाणी वर आलं तेव्हा म्हाताऱ्या रडल्या. पहिल्याच मेमध्ये सक्शन, म्हणजे पंप पाणी ओढतो ते पाईपाचं तोंड, कोरडं पडलं. मी पातळी किती उतरते ते धरलं होतं, पण पाणी आडवं किती लांब जातं ते धरलं नव्हतं. धरणाच्या भिंतीजवळ कडा उभा असतो, तिथं पातळी उतरली तरी पाणी जागच्या जागी खाली जातं. आपण वरच्या टोकाला आहोत, इथं जुन्या नदीकाठाची, खाचरांची सपाटी आहे, तीस मीटर पातळी उतरली की पाण्याची कड तीनशे-चारशे मीटर आडवी मागं सरकते आणि मधे नुसता गाळ. माणूस गुडघ्यापर्यंत रुततो त्यात. पोरांनी पाईप वाढवला, दुसऱ्या वर्षी पंप ड्रमवर तरंगता ठेवला, त्यात गाळ ओढून इंपेलर (पंपातला फिरणारा पंखा) गेला, मग स्टार्टर जळला, आणि जो पोरगा हे सगळं बघत होता त्याला वाशीच्या मार्केटात माथाडीचं काम लागलं. तो गेला आणि योजना बंद. पंप देवळाच्या कोपऱ्यात पोत्यात बांधून ठेवला होता. ती आखणी माझी होती, आणि सक्शन कुठं टाकायचं ते जानेवारीत जाऊन ठरवायच्या ऐवजी मी मे महिन्यात काठावर उभं राहून बघायला पाहिजे होतं.

त्या दिवसापासून एक प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो. पंप कोण चालवणार? नाव सांगा. तुमच्या ३८ माणसांत पन्नाशीच्या आतली किती, ती वर्षभर गावात असतात का, का भातलावणीला आणि यात्रेला येतात? जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या या पट्ट्यातला धडधाकट माणूस दोन पिढ्या मुंबईला आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. तापोळ्याहून मेकॅनिक बोलवायचा तर लाँचचं टायमिंग बघून यायला त्याचा अख्खा दिवस जातो, हजार-दीड हजार त्याला नुसतं येण्याचे द्यावे लागतात. ज्या योजनेला महिन्यातून दोनदा हात लावावा लागतो ती अशा वाडीत टिकत नाही. वर्षातून दोनदा पान्हा लावला की चालते अशीच पाहिजे. वरून उताराचं पाणी तसं असतं, त्याला ना वीज लागते ना पोरगा लागतो.

तर झऱ्याचं काम मी कसं करेन ते सांगतो.

सगळ्यात आधी मोजायचं, आणि मेच्या शेवटी मोजायचं. फेब्रुवारीत मोजून केलेल्या सगळ्या योजना मेमध्ये खोट्या पडतात. १ मार्चपासून दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी एकाच वेळेला, तेच भांडं ठेवून किती सेकंदात भरतं ते वहीत लिहायचं. शाळेतल्या पोराला हे काम द्या, पोरं चुकवत नाहीत. मिनिटाला ३ लिटर हा तुमचा एप्रिलचा आकडा आहे, मेच्या शेवटी तो दीडवर आला तर माझं वरचं गणित बदलतं, २१६० लिटर होतात, माणसांना कसेबसे पुरतात आणि गुरांना कमी पडतात. तो आकडा कळल्याशिवाय मीही ठामपणे बोलणार नाही.

आजूबाजूलाही बघा. या डोंगरात पाणी कसं थांबतं ते एकदा समजलं की शोधणं सोपं जातं. वर माथ्यावर सडा असतो, जांभा दगड, त्याच्यात भोकंच भोकं, पाऊस त्याच्यात स्पंजासारखा मुरतो. त्याच्याखाली चिकण मातीचा नाहीतर लाल गेरूसारखा थर, तो पाणी खाली जाऊ देत नाही, मग पाणी त्या थरावरून आडवं सरकत जिथं डोंगराची कड लागते तिथं बाहेर येतं. झरा म्हणजे ती जागा. त्यामुळं झरे सहसा एकटे नसतात, एका उंचीच्या पट्टीत तीन-चार ठिकाणी ओल असते. तुमच्या झऱ्याच्या उंचीला धरून दोन्ही बाजूला चालत जा, मार्च-एप्रिलमध्येच जा, सगळीकडं पिवळं असताना जिथं हिरवं दिसेल, नेचे दिसतील, उंबर-जांभूळ दाट असेल तिथं थांबा. गुराख्यांना विचारा, आणि आज्ज्यांना तर विचाराच. एका वाडीत मला दुसरा झरा ऐंशी वर्षांच्या आजीनं दाखवला, तिच्या लग्नाच्या वेळी तिथून पाणी आणलं होतं म्हणून, नंतर करवंदीत बुजून गेला होता, साफ केल्यावर मिनिटाला दोन लिटर निघाला.

झऱ्याच्या तोंडाशी मोठं बांधकाम करू नका. हौसेनं लोक तिथं जेसीबी किंवा पहार लावतात, तोंड मोठं केलं की पाणी वाढेल म्हणून. तो खालचा मातीचा थर फुटला की पाणी खालून निघून जातं आणि परत येत नाही, हे मी दोन ठिकाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. हातानं साफ करायचं, दगड-गोटे-वाळूचा थर द्यायचा, पुढं छोटी बंदिस्त पेटी, वर झाकण, बाहेरून पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या अंगाला चर काढून बाजूला वळवायचं. आणि पेटीची पाण्याची पातळी झऱ्याच्या तोंडापेक्षा खाली ठेवायची, नाहीतर झऱ्यावर पाण्याचा दाब येतो आणि तो दुसरीकडून वाट काढतो.

पेटीपासून वाडीपर्यंत ३२ मिलिमीटरचा एचडीपीई पाईप, अर्धा किलोमीटर. तो दीड फूट गाडायचा, याला पर्याय नाही. उघडा ठेवला तर उन्हाळ्यात वणव्यात जळतो, एरवी गव्यांच्या पायाखाली चेपतो, आणि वानरं तर दातानं भोकं पाडतात. जिथं कातळ आहे आणि गाडता येत नाही तेवढ्या तुकड्याला जीआय वापरा. पाईप उतारानं सलग खाली यायला पाहिजे, मधे उंचवटा आला की तिथं हवा अडकते, वरून पाणी भरलेलं असतं आणि खाली नळ कोरडा, माणसं पाईप तुंबला म्हणून सगळा उकरतात. उंचवटा टाळता येत नसेल तर त्याच्या माथ्यावर हवा सोडायला एअर व्हॉल्व्ह, आणि खोलगट जागी गाळ सोडायला वॉशआऊट. एवढंच मेंटेनन्स. झरा वाडीपेक्षा साठ मीटरच्या वर उंच असेल तर मधे एक छोटी टाकी बांधून प्रेशर तोडावं लागतं.

वाडीत साठवण टाकी २० हजार लिटरची बांधा. आता तुम्ही म्हणाल रोजचे तीन हजार लागतात तर वीस हजार कशाला. यात्रेसाठी. चैत्र-वैशाखात मुंबईकर येतात, तुमच्याकडं तेव्हा १२० माणसं असतात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ज्या आठवड्यात झरा सगळ्यात बारीक त्याच आठवड्यात माणसं तिप्पट. ६६०० आणि गुरांचे ८८०, साडेसात हजार लिटर रोज, झरा देणार ४३२०, रोजचा तुटवडा सव्वातीन हजारांचा. भरलेली वीस हजारांची टाकी सहा दिवस काढते. पाहुण्यांनी अंघोळीला एक बादली कमी घेतली तर आठवडा-दहा दिवस निघतात. हे मंडळाच्या मीटिंगमध्ये स्पष्ट बोला, वर्गणी देणारेच तेव्हा नळ उघडे टाकतात आणि ऐकून घ्यायला लागतं गावातल्या बायकांना.

टाकी सिमेंट-विटांची जड बांधण्यापेक्षा फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर पातळ सिमेंट) किंवा पाच-पाच हजारांच्या चार प्लॅस्टिकच्या टाक्या जोडून करा. एक तर हा भूकंपाचा पट्टा आहे, ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप सगळ्यांना माहीत आहे पण बारीक धक्के अजूनही चालू असतात, दगडी बांधकामाला त्यानं चिरा जातात आणि टाकी गळायला लागते. दुसरं म्हणजे वाहतूक. तापोळ्यापर्यंत ट्रक, तिथून तराफा किंवा लाँच, पुढं डोक्यावर, सिमेंटचं पोतं वाडीत पोचेपर्यंत किमतीच्या दुप्पट होतं. वाळू तर विचारूच नका.

खर्चाचं ठोकळ सांगतो, रेट वर्षाला बदलतात म्हणून आकडा दगडावरची रेघ समजू नका. पेटी, पाईप, टाक्या, चार ठिकाणी नळकोंडाळी (सगळ्यांसाठीचे सामाईक नळ), खोदाई श्रमदानातून, असं धरलं तर तुमच्या चार लाखात बसून थोडे उरायला पाहिजेत. उरलेले बँकेत ठेवा, पहिल्या पावसाळ्यात काहीतरी निघतंच.

इथपर्यंतचं एकत्र करून सांगायचं तर, झरा मोजा, रात्रीचं पाणी साठवा, उतारानं आणा, आणि त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या. मेमध्ये तरीही कमी पडलं तर धरणावरच्या सोलर पंपाचा विचार नक्की करा, पण फक्त उन्हाळ्यातल्या टंचाईच्या चाळीसेक दिवसांचा आधार म्हणून, आणि सक्शनची जागा मेच्या शेवटी गाळात उभं राहून ठरवा. धरणातून पाणी घ्यायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते, पिण्याच्या पाण्याला राज्याच्या धोरणात पहिला क्रम आहे, त्यामुळं अर्ज करायला लाजायचं कारण नाही, पण अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावानं गेला पाहिजे, मंडळाच्या लेटरहेडवर नको.

कागदपत्रांचं आणखी थोडं, कारण पाईपापेक्षा योजना कागदावर जास्त फुटतात. झरा कुणाच्या जमिनीत आहे? सातबारा काढा. खाजगी असेल तर मालक आज हो म्हणतो, तोंडी, देवासमोर, सगळं खरं असतं, पण उद्या त्याचा मुलगा जमीन विकतो. महाबळेश्वरच्या पलीकडं आता नवीन महाबळेश्वर प्रकल्पात सुरुवातीलाच २३५ गावं घेतली, पुलांची कामं चालू आहेत, जमिनीला भाव आलाय. तेवढ्या जागेचं नोंदणीकृत बक्षीसपत्र ग्रामपंचायतीच्या नावानं करून घ्या, पाईप आणायच्या आधी. आणि झरा सार्वजनिक पाण्याचा स्रोत म्हणून पंचायतीच्या दप्तरी नोंदवा. सार्वजनिक स्रोताच्या ५०० मीटरच्या आत नवीन विहीर-बोअरला बंधन घालणारा कायदा आहे, पण वर कुणी रिसॉर्टवाल्यानं बोअर मारली तर तुम्हाला भांडायला हातात नोंद पाहिजे. वरच्या अंगाची एक खोल बोअर असा झरा एका उन्हाळ्यात बंद करू शकते.

जमीन वनखात्याची असेल तर घाबरू नका. वनहक्क कायद्यात, २००६ च्या, पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाईपलाईन यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळायची तरतूद आहे, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत एवढी अट. पण कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हद्द तुमच्या झऱ्यापासून कुठं आहे ते वनरक्षकाकडून नकाशावर बघून घ्या, हद्दीच्या आत असेल तर वाट लांबची आहे आणि ती आधी सुरू करावी लागेल. न विचारता रात्रीत पाईप गाडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, गुन्हा दाखल झाला की पुढची दहा वर्षं कुठलीच योजना वाडीत येत नाही.

जलजीवन मिशनचंही ग्रामसेवकांना विचारा, तुमची वाडी मूळ गावाच्या आराखड्यात धरली आहे का. बऱ्याचदा गावठाण धरतात आणि वाडी राहून जाते. कामं दुबार व्हायला नकोत आणि हक्काचा पैसाही सुटायला नको.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगतो. झऱ्याचं पाणी वाढवायचं म्हणून कुणीतरी चर खोदायचा सल्ला देईल. सिक्कीममध्ये धारा विकास नावानं डोंगरातले झरे असे चर आणि खड्डे करून परत वाहते केले, काम फार चांगलं झालंय, आणि आपल्याकडंही पुण्याच्या अक्वाडॅमसारख्या संस्था हे शास्त्र शिकवतात. पण ते कुठं खोदायचं हे डोंगराचे थर बघून ठरतं. वाडीच्या डोक्यावरच्या उभ्या उतारावर चर मारू नका, अजिबात नाही. आपल्याकडं दिवसात चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस कोसळतो, तो उतारातल्या भुसभुशीत मातीत मुरवला तर अख्खा उतार जड होऊन घसरू शकतो. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, तेही डिंभे धरणाच्या वरचं डोंगरातलं छोटं गाव होतं, दीडशेच्या वर माणसं. जुलै २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पाणी मुरवायचं असेल तर ते माथ्यावर, सड्याच्या सपाटीला, तिथं वणवा थांबवा, गवत राखा, सपाटीवरचे जुने ओघळ दगडांनी अडवा. तेवढंच करा. कमी वाटेल, पण माथ्यावरचं गवत जळालं नाही तर दोन-तीन वर्षांत मेचा आकडा सुधारलेला मी बघितलाय, आणि त्यानं कुणाचं घर धोक्यात येत नाही.

पाणी स्वच्छ आहे का, हे विचारलं नाहीत पण सांगतो. झऱ्याचं पाणी नितळ असतं म्हणून लोक तसंच पितात. पेटी बंद नसेल तर पहिल्या पावसात वरचं शेण-पालापाचोळा आत येतो आणि जून-जुलैमध्ये जुलाब ठरलेले. टाकीत हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे तुमच्या भरलेल्या टाकीला १०० ग्रॅम, पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं निवळ ओतायचं, अर्धा तास थांबून मग नळ सोडायचा. ग्रामपंचायतीकडं टीसीएल असते आणि जलसुरक्षकाकडं ओटी टेस्टचं, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते तपासायचं, सामान असतं, पिवळा रंग आला की बरोबर. धरणाचं पाणी सध्या बायका आणतात ते मात्र उन्हाळ्यात गढूळ आणि हिरवट असतं, ते उकळल्याशिवाय कुणाला, विशेषतः लहान पोरांना देऊ नका.

आता शेवटचं, आणि याच्यावर तुमच्या वाडीत नक्की वाद होणार. नळ घराघरात द्यायचे का चार कोंडाळ्यांवर? सरकारी योजनेत घरोघरी नळ असतो आणि तो मिळायलाच पाहिजे, पण स्वतःच्या पैशानं करताना पहिल्या वर्षी मी कोंडाळीच करेन. चौदा घरं वर-खाली पसरलेली असणार, खालच्या घराच्या नळाला कायम पाणी आणि वरच्याला थेंब, मग दोन भावकीत अबोला. एक उन्हाळा कोंडाळ्यांवर काढला की कुठल्या घराला किती प्रेशर पोचतं ते कळतं, नंतर घरात ओढायला पाईप आहेच. पण ठरवताना मीटिंग मुंबईला घेऊ नका, गावात घ्या, आणि कोंडाळ्याची जागा ज्या हंडा उचलतात त्या बायकांना दाखवू द्या. तुमच्या आईंना विचारा कुठल्या दगडापाशी हंडा टेकवून दम घेतात, पहिलं कोंडाळं तिथंच बसवा.

तर येत्या रविवारी गावी फोन करून भांडं आणि घड्याळ घेऊन कुणालातरी झऱ्यावर पाठवा. झरा आणि सगळ्यात वरचं घर यांच्यातली उंची मोबाईलच्या अल्टिमीटर अ‍ॅपवर घ्या, पाच-दहा मीटर इकडंतिकडं होईल पण सुरुवातीला चालतं. झऱ्याच्या तोंडाचा एक फोटो आणि वरच्या उताराचा एक. हे चार आकडे-फोटो इथं टाका, मी पाईपाचा साईज आणि टाकीची जागा बघून सांगतो. कोटेशनवाल्याला तोपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.